मधला डबा

औरंगपुऱ्यात चपलांच्या एका दुकानाच्या माडीवर आमची खोली होती. तिथं मी आणि भाई मिळून डबे बनवायचो. कसले डबे, असं कुणी विचारलं की भाई म्हणायचे, "बीचवाले." तेवढ्यानं कुणाचं समाधान व्हायचं नाही आणि पुढचं मला सांगत बसावं लागायचं.

पूर्वी कारखान्यात किंवा दूध संघात एकच मोठा कॉम्प्युटर असायचा. तो एसीच्या खोलीत बंद. बाकी सगळीकडं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. गेटवर एक, वजनकाट्यावर एक, स्टोअरमध्ये एक, प्रयोगशाळेत एक. शिवाय जागोजागी प्रिंटर. या सगळ्यांनी एकदम मोठ्या कॉम्प्युटरपाशी गलका केला तर त्याला हिशोब करायला फुरसतच मिळायची नाही. म्हणून मध्ये आमचा डबा. तो एकेका टर्मिनलला पाळीपाळीनं विचारायचा, तुझं काही आहे का? एकेक अक्षर जमवून पूर्ण ओळ झाली की ती वर पाठवायचा. वरून छापायला काही आलं की आधी स्वतःपाशी ठेवून घ्यायचा आणि प्रिंटरला झेपेल तसं थोडं थोडं द्यायचा. प्रिंटरचा कागद संपला तर कॉम्प्युटरला थांब म्हणायचा. गेटवरची पावती प्रयोगशाळेत छापली जाऊ नये, एवढीच त्याची इमानदारी.

डब्याच्या आतलं सगळं माझ्याकडं होतं. एका कार्डावर प्रोसेसर, मेमरी आणि प्रोग्रॅमची चिप. मागं खाचांमध्ये बसवलेली लहान कार्डं, त्यांच्यातून टर्मिनल आणि प्रिंटरच्या तारा निघायच्या. पावसाळ्यात वजनकाट्याकडून येणाऱ्या लांब तारेतून वीज आत शिरायची आणि कार्ड जाळायची, तेव्हा मी प्रत्येक तारेच्या तोंडाशी अशी चिप घातली की बाहेरची वीज आत येऊच नये. भाई त्यावर इतके खूश झाले होते की खाली जाऊन चपलवाल्याला सांगून आले. त्याला काय कळलं असेल कुणास ठाऊक. प्रोग्रॅम मात्र भाईंचा. तो त्यांनी एकट्यानं लिहिला होता आणि त्यात मला कधी हात घालावा लागला नाही.

भाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, सिल्लोडचे. तिथं त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते धाकट्या भावानं सांभाळलं. भाई शिकायला शहरात आले आणि इथलेच झाले. मी डिप्लोमा करून नोकरी शोधत होते. माझे वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडली होती. बाबासाहेबांच्या फोटोखाली माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वडील ते दाखवायचे. पण कारखान्यांत मला सांगायचे, मुलींसाठी जागा नाही. भाईंनी एवढंच विचारलं, "सोल्डर करता येतं?"

"येतं."

"मग बस ना, उभी काय राहिलीस."

दुसऱ्या दिवशी आईनं हरकत घेतली. परक्या माणसाबरोबर दिवसभर एका खोलीत? ते भाईंनी घरी सांगितलं असणार, कारण त्याच आठवड्यात भाभी आमच्या वस्तीत आल्या. बुरख्यातल्या बाईला बघून शेजारणी दारात जमल्या. भाभींनी आईच्या हातचा चहा घेतला, पाणी मागून प्याल्या आणि म्हणाल्या, "तुमची पोरगी ती आमची पोरगी. तिचं जेवण माझ्याकडून येईल, तुम्ही फिकर नका करू." पुढं कितीतरी वर्षं दुपारी भाभींकडून दोघांचं जेवण यायचं. खट्टी दाल आणि भात, कधी तहरी म्हणजे त्यांचा मसालेभात, रमजानमध्ये फक्त माझ्यापुरतं. उपवास त्यांचा आणि पोटभर मी जेवायची. माझं लग्न झालं नाही. आई गेली तेव्हा भाभी चार दिवस माझ्याकडं राहिल्या. हे सगळं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धंदा चालला तोवर बरा चालला. दूध संघ, सूतगिरण्या, बी-बियाण्यांची गोदामं. डब्यावर आम्ही पत्र्याची पाटी ठोकायचो, तिच्यावर फक्त शहराचं नाव आणि डब्याचा नंबर. मग टर्मिनल जाऊन टेबलाटेबलावर पूर्ण कॉम्प्युटर आले. मग नेटवर्क आलं. मधल्या डब्याची गरज उरली नाही. एकेक गिऱ्हाईक फोन करायचं बंद झालं. आम्ही इन्व्हर्टर दुरुस्त केले, किराणा दुकानातले वजनकाटे दुरुस्त केले, लिफ्टची कार्डं सुद्धा केली. भाईंना ते आवडायचं नाही, पण तसं ते बोलून दाखवत नव्हते.

शेवटी एकच गिऱ्हाईक उरलं. सिल्लोडच्या रस्त्यावर पशुखाद्याचा एक कारखाना आहे. मका येतो, सरकी पेंड येते, भरडून गोण्या बाहेर पडतात. तिथला मोठा कॉम्प्युटर दोनदा बदलला, पण गेट, काटा, प्रयोगशाळा आणि गोदाम आमच्याच डब्यावर राहिलं. चाललंय तर चालू द्या, असा तिथल्या मॅनेजरचा स्वभाव. वर्षातून एकदा मी जाऊन वरवरची धूळ काढून यायची.

त्या काळात भाईंचे डोळे चालले होते. शुगर जुनी होती. उजव्या डोळ्यात नुसतं धुकं उरलं होतं. डाव्याच्या पडद्यावर नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत, त्या फुटल्या तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं होतं, आणि मग लेसर. तारीख मिळायला फार खटपट झाली. भाभींनी कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती लाल गोल केला होता.

दोन वर्षांपूर्वी मक्याच्या हंगामात, त्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन आला. रात्री वीज गेली होती, ती आल्यावर डबा सुरूच झाला नाही. लाल दिवा लागलाय आणि सगळं बंद. गेटबाहेर ट्रकांची रांग लागलीय.

मी बसनं गेले. काट्यावरचे कारकून कागदावर हातानं वजनं लिहीत होते आणि ड्रायव्हर त्यांच्याशी भांडत होते. मका ओला होता, ताडपत्रीखाली तापत होता. तो आंबट वास गेटपर्यंत येत होता. डबा उघडून मी वीज तपासली, कार्डं तपासली. सगळं ठीक होतं. लाल दिव्याचा अर्थ मला माहीत होता. डबा सुरू होताना स्वतःच्या प्रोग्रॅमची बेरीज करून बघतो, ती जुळली नाही तर पुढं जात नाही. म्हणजे प्रोग्रॅमची चिपच बिघडली होती. या जुन्या चिपांना वर काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागद चिकटवलेला असतो, कारण उजेड लागला की आतलं हळूहळू पुसलं जातं. आमचा कागद कधीतरी सुकून गळून पडला होता आणि डब्याच्या झाकणाला फट होती. वर्षानुवर्षं त्या फटीतून आत उजेड जात राहिला.

मी चिप काढून शहरात आणली. खोलीत कपाटात तोच प्रोग्रॅम भरलेली तिची जोड होती, ती काढून यंत्रावर वाचली. ती तर त्याहून वाईट निघाली.

भाई बाकड्यावर बसून ऐकत होते. मी म्हटलं, "मूळ प्रोग्रॅमचे कागद?"

"माडी गळली होती ना त्या वर्षी. लगदा झाला सगळ्याचा." मग म्हणाले, "दोन्ही चिपा आहेत ना? जे पुसतं ते शून्याचं एक होतं. एकाचं शून्य कधी होत नाही. दोघींपैकी एकीत जरी शून्य असेल तर शून्य धर."

ते बरोबर होतं. दोन्ही चिपांतलं असं जुळवून मी तिसरी प्रत कॉम्प्युटरवर तयार केली. बेरीज केली. सोळानं जास्त आली.

"सोळा," भाई म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. असा चेहरा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. "म्हणजे एकच बिट. दोघींतही गेलेलं असं एकच बिट आहे, ताई. सापडेल."

"कसं? असे शेकडो आकडे आहेत."

"तू वाच. मी ऐकतो."

संध्याकाळपर्यंत मी वाचत राहिले. भाई डोळे मिटून पडले होते आणि मी आकड्यांच्या जोड्या म्हणत होते. ते मनातल्या मनात त्या आकड्यांच्या सूचना करत होते. हे उचल, ते तिकडं ठेव, शून्य असेल तर उडी मार. मध्येच हसायचे. "ये देखो, हे मी ईदच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. भाभी चिडली होती." मला त्यात काही दिसायचं नाही, पण त्यांना ती वर्षं दिसत होती. खालचा चपलवाला दुकान बंद करून गेला तेव्हा अर्धंही झालं नव्हतं.

मी म्हटलं, "भाई, उद्या दवाखाना. परवा पुढचं करू."

"उद्या सकाळी हेच करू. दवाखाना परवा."

"तारीख परत मिळणार नाही."

"मिळेल. डॉक्टर ओळखीचा झालाय आता."

"भाई, मी मॅनेजरला सांगते ना, दोन दिवस थांबा म्हणून."

"ट्रकात मका सडतोय, ताई. आणि दोन दिवसांनी तो दुसरं काहीतरी बसवेल. मग हे कुणासाठी शोधायचं?" आवाज चढला होता. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. त्यांना ते लगेच कळलं आणि ते हळू बोलले, "एक बार चालू बघू दे. मग जातो. वल्ला, जातो."

मी भाभींना फोन केला. त्या फोनवर भाईंशी भांडल्या, रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जायला रिक्षा घेऊन त्यांच्या दारात गेले. भाई रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "औरंगपुरा." भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली उतरून म्हटलं, "भाई, नका ना असं करू." ते समोर बघत बसून राहिले. शेवटी मी आत बसले. मी नसते बसले तर ते एकटे गेले असते आणि त्या जिन्यावरून पडले असते. आजही मला दुसरं काय करता आलं असतं ते सुचत नाही, पण भाभींनी बघितलं ते एवढंच की मी भाईंच्या शेजारी बसून निघून गेले.

बिट दुपारच्या आधी सापडलं. मी वाचत होते आणि भाई एकदम उठून बसले.

"थांब. परत म्हण."

मी परत म्हटलं. शेवटची जोडी तीन-आठ.

"त्याच्या आधी काय केलंय? प्रिंटर मोकळा आहे का ते बघितलंय. बघितल्यावर उत्तर शून्य आलं तर उडी मारायची. तीन-आठ म्हणजे हातचा आला तर उडी मार. इथं हातचा येणार कुठून? कधीच येणार नाही! दोन-आठ पाहिजे." त्यांनी बाकड्यावर हात आपटला. "दोन-आठ आणि तीन-आठ, फरक सोळा. हेच ते!"

मी आकडा बदलून बेरीज केली. जुळली. भाई बाकड्यावरून उतरले आणि खोलीच्या मधोमध नुसतेच उभे राहिले. दोन्ही हात थोडे पुढं, जसं काही धरायचं होतं आणि तिथं काहीच नव्हतं. मला रडू आलं. आम्ही कोरी चिप काढली, तिच्यावर प्रोग्रॅम चढवला आणि काचेवर जाड काळी पट्टी लावली.

मी म्हटलं, मी एकटी जाऊन बसवते. त्यांनी ऐकलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मुलासारखे बोलत राहिले. हिरवा दिवा लागला तेव्हा गेटवरचा प्रिंटर खडखडला आणि अडलेल्या पावत्या एकामागं एक बाहेर पडायला लागल्या. ड्रायव्हर ओरडले, शिट्ट्या मारल्या. मॅनेजर भाईंच्या पाया पडायला वाकला, भाईंनी त्याला धरून उभं केलं. काट्याच्या खोलीत आम्हाला चहा दिला. प्रिंटरच्या झाकणावर हात ठेवून भाई चहा पीत होते. त्याची थरथर त्यांच्या बोटांना लागत असावी.

मग ते म्हणाले, "ताई, कपात माशी पडली का बघ."

मी बघितलं. "नाही."

"आहे बघ. दोन आहेत."

त्यांनी कप खाली ठेवला आणि तोंडासमोर हात हलवला. मग परत हलवला. कारकून हसला, त्याला वाटलं भाई गंमत करतायत. मी उठून त्यांच्या तोंडासमोर वाकले.

"काळं उतरतंय," भाई म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "वरून शाई सांडल्यावाणी."

मॅनेजरनं गाडी दिली. सगळ्या रस्त्यानं भाई मान ताठ धरून बसले होते, हललं तर शाई आणखी पसरेल असं वाटल्यासारखे. फुलंब्रीच्या पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "अजून दिवस आहे ना?" मी म्हटलं, "आहे." ऊन इतकं होतं की मला डोळे बारीक करावे लागत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, आत रक्त झालंय. थांबू, रक्त निवळतं का बघू, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशन झालं. ज्या पडद्यासाठी ते केलं तो तोवर ओढून सुटला होता, डावा डोळाही गेला. त्या दिवशी सकाळी आले असते तर डोळा वाचला असता का, असं भाभींनी डॉक्टरांना विचारलं. मी तिथंच होते. डॉक्टर म्हणाले, "असं छातीठोक सांगता येत नाही. इंजेक्शननंतरही होतं कधी कधी." भाभींनी एवढंच ऐकलं की डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही.

बाहेर बाकावर त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुमारे डब्बे ने मेरे मियाँ की आँखाँ खा लीं." त्यांनी मला कधीच तुम्ही म्हटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो बुरख्याआड घेतला. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही कुणावर तरी हे टाकलं असतं, आणि भाईंवर कसं टाकणार?

डबा चालत राहिला. मी मुद्दाम मॅनेजरला फोन करून विचारायची आणि भाईंना सांगायची. ते ऐकून मान हलवायचे. चालतोय ना, बस. पोळ्याच्या थोडं आधी मॅनेजरचाच फोन आला. कंपनीनं सगळीकडं नवीन यंत्रणा बसवलीय, काट्यावर आता मोबाइलसारखं पाटीवर बोट फिरवलं की झालं, पावती ड्रायव्हरच्या फोनवर जाते. त्यानं मागंच मागणी नोंदवली होती, म्हणाला. आपलं जेव्हा बंद पडलं तेव्हाच. "तेवढे दिवस निघायला पाहिजे होते ना, मॅडम. तुम्ही लई मदत केली. डबा भंगारात टाकायचा नाही म्हणून फोन केला. घेऊन जा."

मी गेले. डबा गोदामाच्या दाराशी पोत्यावर ठेवला होता. तारा कापून टाकल्या होत्या, सोडवायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. कापलेली टोकं मागं लोंबत होती. मला वाटलं, त्याला तिथंच सोडावं. पण भाईंना काय सांगणार? रिक्षा करून रस्त्यापर्यंत आणला आणि बसच्या मागच्या सीटखाली घातला.

भाईंपासून मी काही लपवलं नाही. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. भाभी स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. भाई गादीवर बसले होते. 

त्यांनी विचारलं, "बंद केला तेव्हा कोणता दिवा होता?"

"हिरवा. कारकुनानं सांगितलं. चालू होता तोवर हिरवाच होता."

"अच्छा."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला, पण भाभी बाहेर आल्या नाहीत.

खोली आम्ही त्यानंतर सोडली. चपलवाल्याला वर माल ठेवायला जागा हवीच होती. कार्डं, सुटे भाग, जळालेल्या चिपा, सगळं गोण्यांत भरलं. एका दुपारी भाई म्हणाले, मला एकदा घेऊन चल. मी घेऊन गेले. जिन्यावर मी पुढं आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं. रिकाम्या खोलीत त्यांनी भिंत चाचपली, बाकड्याची जागा चाचपली. तिथं बाकडं नव्हतं. ते खाली बसले, फरशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सोल्डरचे थेंब आहेत अजून." होते. फरशीला चिकटलेले, बारीक मण्यांसारखे. ते नखानं एक थेंब काढत राहिले. निघाला नाही. मी म्हटलं, चला भाई. ते उठले.

हिवाळ्यात ते सिल्लोडला गेले, भावाकडं. शहरात दोघंच राहून भागत नव्हतं. मी शेंद्र्याला एका कारखान्यात लागले. पट्ट्यावरून कार्डं येतात, वर कॅमेरा आहे, तोच चांगलं-वाईट ठरवतो. त्यानं वाईट ठरवलेलं मी परत एकदा बघायचं. माझ्या शेजारच्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. मला त्या मावशी म्हणतात. दुपारी सगळ्या आपापले डबे उघडतात आणि मला द्यायला बघतात. मी खात नाही असं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी सिल्लोडला जायची. कापडाच्या दुकानाच्या आत एका कोपऱ्यात भाई खुर्चीवर बसलेले असायचे. गिऱ्हाइकांना सलाम करायचे. सुरुवातीला मला विचारायचे, काय बनवतात तिकडं, कसला कॅमेरा, कार्डावर किती थर. मी सांगायची. मग प्रश्न कमी झाले. मी बोलायची आणि ते फक्त "हौ, हौ" करायचे. भाभी माझ्यासाठी चहा पाठवायच्या, पुतणीच्या हातून. स्वतः कधी आल्या नाहीत.

शेवटची गेले तेव्हा बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. भाईंनी माझा हात धरला आणि मला थोडं जवळ ओढलं.

"ताई, एक सांगू? आता नको येत जाऊस."

मी म्हटलं, "भाभी काही म्हणाल्या का?"

"तिचं नाही. माझंच." ते इतकं हळू बोलत होते की बाहेरच्या लाउडस्पीकरमुळं मला वाकून ऐकावं लागलं. "तू आलीस की मला ते सगळं दिसतं. बाकडं दिसतं, यंत्र दिसतं, तू खिडकीपाशी बसलेली दिसतेस. तू गेलीस की परत काळं. दर वेळेला परत नव्यानं. नाय सोसत."

मी तिथंच थोडा वेळ बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांच्या खुर्चीमागचा गठ्ठा हवा होता, तेव्हा पुतण्यानं भाईंना हाताला धरून बाजूला केलं. त्या गडबडीत मी उठले. जाते, असं म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. बसस्टँडवर बस उभी होती आणि मी तिच्यात चढले नाही. पुढची आली तिच्यातही चढले नाही. मला वाटत होतं, कुणीतरी बोलवायला येईल.

त्यानंतर मी गेले नाही. ईदला फोन केला. तो भाभींनी उचलला. मी मुबारक म्हटलं. भाईंना द्या ना, असं म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "झोपलेत."

सकाळचे अकरा वाजले होते.